चौदा एप्रिलचा शनिवार

१

सोमवारी सकाळी साडेसातला लांगे नावाच्या तंत्रज्ञाने लॅबचं दार उघडलं, दिवे लावले, ब्रेक-चाचणीच्या मशीनकडे पाहिलं आणि हातातला कॉफीचा कप तिथेच खिडकीत ठेवला. मशीनच्या पोटातली हार्ड डिस्क गायब होती. ती जिथे बसवलेली असते तिथे स्क्रूंची चार भोकं तेवढी उरली होती.

एरवी ही डिस्क रोज संध्याकाळी काढून लोखंडी कपाटात कुलूपबंद व्हायची. पण त्या शुक्रवारी एक चाचणी रात्रीपर्यंत लांबली, लांगेची बस चुकायला आली, म्हणून त्याने ती मशीनमध्येच राहू दिली. हे लांगेला ठाऊक होतं आणि चोराला. पोलिसांनी ही गोष्ट मुद्दामच बाहेर फुटू दिली नाही.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधली ही कंपनी तशी लहानशीच. पण डिस्कवर एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या ब्रेकचे आठ महिन्यांचे आकडे होते आणि गिऱ्हाइकाची माणसं त्याच सोमवारी तपासणीला यायची होती. दाराच्या नोंदीत एकच कार्ड निघालं. शनिवार, १४ एप्रिल २००७. दुपारी तीन बाराला आत, तीन एकवीसला बाहेर. कार्ड नागेश देवगावकरचं.

नागेश तेहतिशीचा इंजिनीअर. इथल्याच विद्यापीठात शिकला, इथेच नोकरीला लागला, इथेच सुरुचीशी लग्न केलं. गावातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीचं तबक दरवर्षी त्याच्या हातात. दोन दिवस तो पोलिसांना सांगत राहिला की शनिवारी नदीकाठाने एकटाच फिरत होतो. तिसऱ्या दिवशी पोलीस म्हणाले, ठीक आहे, मग तुमच्या बायकोला, सासऱ्यांना, ओळखीच्या एकेकाला विचारून घेतो तुम्ही कुठे होतात ते. नागेशने पाणी मागितलं, सगळा पेला संपवला आणि म्हणाला, "मीच घेतली डिस्क. नदीत फेकली."

नदीत काही सापडलं नाही. पण कबुली होती, आणि परदेशी माणूस पळून जाईल म्हणून त्याला कच्च्या कैदेत ठेवलं. शिक्षा झाली असती तर नोकरी, राहण्याचा परवाना, सगळंच गेलं असतं. सुरुचीला तेव्हा सातवा महिना लागत होता.

न्यायाधीश हाइनेमानबाईंना मात्र ती कबुली फार धुतलेली वाटली. त्यांनी फाईल पाठवली डॉ. नीला फोगेल यांच्याकडे. नीला कोर्टासाठी काम करणारी मानसतज्ज्ञ. माणूस बोलतो ते त्याने खरंच अनुभवलेलं आहे की नाही, हे तपासून लिहून द्यायचं तिचं काम. मूळची नागपूरची, आडनाव जर्मन नवऱ्याचं. नवरा सोडून गेला, आडनाव राहिलं, आणि त्या आडनावाचा आडोसा तिला अकरा वर्षं फार सोयीचा पडला होता.

तीन मेला तिने फाईल उघडली. पहिल्याच पानावरची तारीख वाचली, वार वाचला. मग तिने फाईल मिटली, कपाटात ठेवली आणि पुढचे एकोणीस दिवस दुसऱ्या दोन अहवालांची कामं उकरून काढली. तारखेत काय वाचलं ते तिने कोणाला सांगितलं नाही.

२

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत नागेश इस्त्रीचा शर्ट घालून आला. कैदेतल्या माणसाला इस्त्री कुठून मिळते कोण जाणे, पण त्याने ती मिळवली होती.

नीलाच्या धंद्याचा एक नियम आहे. समोरच्याचं सांगणं आधी खोटंच धरायचं, आणि ते खोटं धरणं अशक्य झालं तरच खरं मानायचं. कबुलीलाही तोच नियम. खऱ्या आठवणीत कचरा फार असतो. माणसाला आठवतं की दार उघडताना बुटाची नाडी सुटली होती, कुठेतरी टेलिफोन वाजत होता, नाक खाजत होतं. खोट्या कबुलीत हा कचरा नसतो. तिथे सगळं झाडून ठेवलेलं असतं.

"शेवटून सुरू करा," नीला म्हणाली. "नदीपासून मागे मागे या."

नागेश अडखळला. नदी, पूल, रस्ता, दार. मग पुन्हा दार. आवाज कसला होता? आठवत नाही. हातात काय होतं? डिस्क. जड होती का? नेहमीसारखी.

"कुठून घेतलीत?"

"कपाटातून, मॅडम. किल्ली कुठे असते मला माहीत आहे."

"नक्की कपाटातून?"

"दुसरं कुठे असणार? रोज तिथेच असते."

नीलाने लिहून घेतलं. पोलिसांनी कबुली टंकताना 'लॅबमधून डिस्क घेतली' एवढंच लिहिलं होतं, कुठून ते विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. कबुलीचं तिथेच पितळ उघडं पडलं. या माणसाने त्या शनिवारी लॅबचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

"शनिवारी सकाळी काय करत होतात?" तिने विचारलं.

त्याने शर्टाची बाही सरळ केली. मग अगदी सहज, मंडळात एखादी बाई विचारते त्या सुरात त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"नागपूरची."

"माहेरचं आडनाव?"

हा प्रश्न नीलाला या देशात शंभर वेळा आला होता. जेवणाच्या पंगतीत, हळदीकुंकवात, विमानतळावर. सापाला कान नसतात म्हणतात, पण या प्रश्नाची चाहूल तिला तो विचारला जायच्या आधीच लागायची. दर वेळी ती विषय बदलायची.

"आपण तुमच्याबद्दल बोलतोय," ती म्हणाली. कोर्टाच्या कामात हे वाक्य अगदी बरोबर होतं. म्हणूनच ते बोलताना तिला स्वतःची शिसारी आली.

त्या दिवशी तिने त्याला सांगायला हवं होतं, की कबुली खोटी आहे हे मला कळलंय आणि तुम्ही कुठे होतात तेही मी ओळखलंय. ती वही बंद करून उठली.

३

सुरुचीने दार उघडलं ते कमरेवर हात ठेवूनच. आत सोफ्यावर तिचे वडील, दत्ताकाका, बँकेतून निवृत्त झालेले, बाळंतपणासाठी एप्रिलच्या सुरुवातीलाच पुण्याहून आलेले. सुरुचीची आई स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होती. दारामागे खुंटीवर नागेशचं जॅकेट अजून लटकत होतं.

"कार्ड या जॅकेटच्या खिशातच असतं," सुरुची म्हणाली. "सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना तिथेच होतं."

"शनिवारी?"

"शनिवारी तो ऑफिसचं काम आहे म्हणून गेला. पण हे जॅकेट घालून नाही गेला. पांढरा शर्ट आणि कोट. मी म्हटलं, शनिवारी कोट कशाला? म्हणाला, क्लायंट आहेत."

"शुक्रवारी, रविवारी घरात कोण आलं होतं?"

"श्रीरंग. नागेशच्याच लॅबमधला. शुक्रवारी जेवायला होता आणि रविवारी डबा परत द्यायला आला. तो घरचाच आहे हो. ही शेल्फंसुद्धा त्यानेच बसवून दिली. रोज फोन करून रडतो, म्हणतो मी काय करू शकतो सांग."

दत्ताकाकांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. इंटरनेटवरून छापून काढलेली मराठी पानं होती ती, महिनाभर जुनी.

"काका, नागेश शनिवारी कुठे गेले असतील असं वाटतं तुम्हाला?" नीलाने विचारलं.

"नागेशरावांनी कबुली दिलीय ना? मग आणखी काय खोदायचं? वकील म्हणाले, पहिला गुन्हा आहे, शिक्षा कमी होईल. झालं गेलं विसरून जाऊ."

सुरुची वडिलांकडे पाहत राहिली. "बाबा, त्याने काही केलेलं नाही."

"मी कुठे म्हणतो केलंय म्हणून," दत्ताकाका म्हणाले आणि पान उलटलं. उलटलेलं पान त्यांनी आधीच वाचलेलं होतं, कारण त्यातलं शब्दकोडं पेनने भरलेलं होतं.

४

श्रीरंगने बेकरीत भेटू म्हटलं. लॅबजवळची, उभं राहून कॉफी प्यायची बेकरी. पस्तिशीचा, देखणा, डोळ्यांखाली काळं आलेला. नीलाने अजून काही विचारलंही नव्हतं तोवर त्याने सुरुवात केली.

"ताई, तुम्ही रिपोर्ट लिहिताय ना, मग लिहा की हे नागेशचं काम नाही. मी सही करून देतो."

"कबुली त्यांनी दिलीय."

"देऊ दे. आल्झो, म्हणजे साधा हिशोब बघा. दाराची नोंद आम्हाला सगळ्यांना दाखवली होती. नऊ मिनिटं. गेनाऊ, बरोबर नऊ. त्यात लॅबपर्यंत जायचं दोन, यायचं दोन. राहिली पाच. नागेशला स्क्रूड्रायव्हर धरता येत नाही हो. त्याच्या घरची शेल्फं मी लावून दिली. त्या मशीनचे चार स्क्रू काढायला तो अर्धा तास घेईल. पाच मिनिटांत तो डिस्क काढूच शकत नाही. हे त्या पोलिसांना कोणीतरी समजावून सांगा."

त्याने कप जोरात खाली ठेवला. बशीत कॉफी सांडली. नीलाने रुमाल पुढे केला.

"तुम्ही शुक्रवारी किती वाजता निघालात?"

"चारला. नागेश आणि मी बरोबरच. संध्याकाळी जेवायला त्यांच्याकडेच होतो."

"चांगले मित्र आहात."

"तसा मीच चांगला नाहीये," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

नीला ट्राममध्ये बसली. तीन थांबे गेले तरी काहीतरी टोचत होतं. हिशोब बिनचूक होता. इंजिनीअरचा हिशोब, पाच मिनिटं, चार स्क्रू. चौथ्या थांब्यावर ती उभी राहिली आणि दार उघडायच्या आधीच बटण दाबत राहिली.

कसले स्क्रू?

५

वीस जूनला ती पुन्हा तुरुंगात गेली. या वेळी वही पिशवीतून काढली नाही.

"नागेश, डिस्क कपाटात नव्हती. मशीनमध्येच होती. लांगेने शुक्रवारी काढली नव्हती."

त्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"म्हणजे तुम्ही तिथे गेला नव्हतात. ती मशीनमध्ये होती हे ज्याने काढली त्यालाच माहीत. आणि श्रीरंग मला म्हणाला की तुम्हाला चार स्क्रू काढायला अर्धा तास लागेल. तुम्हाला वाचवायला निघाला आणि स्वतःला सांगून बसला. शुक्रवारी जेवायला आला तेव्हा कार्ड त्याने खिशातून घेतलं. रविवारी डबा द्यायला आला तेव्हा परत ठेवलं. डिस्कवरचे त्याने भरलेले आकडे खोटे असणार. सोमवारी तपासणी होती."

"श्रीरंग?"

"आता मला सांगा, तुमचंच कार्ड का? दुसऱ्या कोणाचं कार्ड वापरलं असतं तर तो माणूस संध्याकाळपर्यंत सुटला असता. म्हणाला असता, मी अमक्या ठिकाणी होतो, विचारा. मग पोलिसांनी विचारलं असतं, कार्ड कोणाच्या हाताला लागू शकतं? चोराला असा माणूस हवा होता जो शनिवारी कुठे होता ते मेला तरी सांगणार नाही. आणि असा दिवस हवा होता."

नागेशने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"मार्चमध्ये मी ऑफिसच्या प्रिंटरवर एक कागद काढला होता," तो हळूच म्हणाला. "न्यायला गेलो तर कोणीतरी उचलून पालथा ठेवलेला. श्रीरंग तिथेच कॉफी ओतत होता. काही बोलला नाही. मला वाटलं, सज्जन माणूस." मग त्याने वर पाहिलं. "पण तुम्हाला नाही कळणार, मॅडम. तुमचं चांगलं आहे. फोगेल. कोणी काही विचारत नाही."

नीलाला वाटलं, आताही उठून जाता येईल. स्क्रूंच्या वाक्यावर अहवाल उभा राहील, बाकीचं पोलीस बघतील. पण त्याने कबुली मागे घेतली नाही तर श्रीरंग म्हणेल, स्क्रूंचं मला कोणी ऑफिसात सांगितलं, आणि मग एकाच्या शब्दासमोर दुसऱ्याचा शब्द. नागेशने तोंड उघडल्याशिवाय नागेश सुटत नव्हता.

"मी मेश्राम," ती म्हणाली. "नागपुरातल्या इंदोऱ्याची. ग्योटिंगेनला जयंतीचा जो कार्यक्रम झाला, त्याचं निमंत्रण मलाही होतं. कार्यक्रम भरवणाऱ्या धम्मदीपाताईंनी हाताने पत्ता लिहून पाठवलं होतं. माझ्या मुलीने, इराने, विचारलं, वास इस्ट दास? मी म्हटलं, काही नाही, जाहिरात आहे. कळवलं की कामात आहे. त्या शनिवारी मी घरी बसून पडदे धुतले."

नागेशचा चेहरा बदलला. आधी विश्वास बसला नाही, मग बसला, आणि मग त्याचा राग आला, तोही दिसला.

"म्हणजे तुम्ही तारीख बघूनच ओळखलंत."

"हो."

"कधी?"

"तीन मेला."

"मागच्या वेळी इथे बसला होतात तेव्हा माहीत होतं?"

"हो."

तो उठला, भिंतीपर्यंत गेला, परत आला. "प्रिंटरवरचा तो कागद म्हणजे हेच निमंत्रण. मी तिथे बुद्धवंदना म्हटली. खीर वाढली. दिवसभर एवढं मोकळं वाटलं ना, की परतीच्या गाडीत मी ठरवलं, आज सुरुचीला सांगतो. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. गावाचं नाव आडनाव करून घेतलं ते कॉलेजात, रूमवर जागा मिळेना म्हणून. पुढे ते काढताच येईना. घरी पोचलो तर तिचे बाबा सोफ्यावर बसलेले. मग म्हटलं, बाळ झाल्यावर सांगू. दोन दिवसांनी पोलीस आले. म्हणाले, एकेकाला विचारतो." तो बसला. "कबुली दिली की कोणी काही शोधत नाही, मॅडम."

"ती मागे घ्यावी लागेल. भर कोर्टात."

"तिथे मंडळाचे लोक येतील. सासरे येतील."

"हो."

"श्रीरंगने कार्ड नाही वापरलं," नागेश म्हणाला. "माझं हे लपवणं वापरलं. आणि मी त्याला वापरू दिलं."

६

जुलैच्या दुसऱ्या सोमवारी कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये दत्ताकाकांनी नीलाला गाठलं. मंडळाची आठ-दहा माणसं आत बाकांवर बसली होती. सुरुची मैत्रिणीच्या आधाराने पाण्याची बाटली आणायला गेली होती.

"डॉक्टर, एक विनंती होती. नागेशराव आज जे सांगणार आहेत, ते बंद दाराआड सांगता नाही येणार? न्यायाधीशांना लिहून द्यायचं, म्हणजे काम झालं. चारचौघांत कशाला?"

नीला थबकली. नागेश काय सांगणार आहे हे त्याचा वकील आणि ती सोडून कोणाला माहीत नव्हतं.

"काका, तुम्हाला ठाऊक आहे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मुलगी देताना कोणी चौकशी करत नाही का? त्यांच्या गावी माणूस पाठवला होता. सगळं कळलं. सुरुची ऐकणारी नव्हती, आणि मुलगा गुणी. म्हटलं, ते बोलत नाहीत तर आपणही बोलायला नको. नातेवाइकांना काही सांगायला लागत नाही. सगळ्यांचं झाकलेलं राहतं."

"आणि त्या शनिवारी ते कुठे गेले, हेही?"

"पांढरा शर्ट घालून निघाले. तारीख कोणाला कळत नाही, बाई?"

"तीन महिने ते तुरुंगात आहेत, काका. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर..."

"चोरीचा डाग पुसता येतो," दत्ताकाका म्हणाले. हे त्यांनी इतक्या साध्या सुरात सांगितलं की तो विचार त्यांनी अनेकदा करून पाहिला असणार. मग स्वतःचंच वाक्य कानावर पडल्यासारखे ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

नीलाच्या तोंडावर उत्तर आलं होतं. चांगलं झणझणीत उत्तर. पण ते द्यायला तोंड दुसऱ्या कोणाचं तरी हवं होतं. ती आत गेली.

नागेश उभा राहिला. जर्मनमध्ये, एकेक वाक्य तोलून, त्याने कबुली मागे घेतली. ग्योटिंगेनचा हॉल, चाळीस माणसं, कोणाची जयंती, तो तिथे का गेला आणि ते का लपवलं. दुभाषा मागच्या बाकांसाठी सांगत होता. मंडळाची माणसं आपापल्या हातांकडे बघत होती. फक्त सुरुची नवऱ्याकडे बघत होती. ती रडत होती आणि तिने नजर काढली नाही.

मग श्रीरंगला बोलावलं. हाइनेमानबाईंनी एवढंच विचारलं, की डिस्क त्या शनिवारी मशीनमध्येच स्क्रूंनी बसवलेली होती हे तुम्हाला कोणी सांगितलं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, श्रीरंगच्या मनात ते तीन महिने सरलं नव्हतं. तो वाद घालायच्याही भानगडीत पडला नाही. डिस्क त्याच्या तळघरात सायकलच्या पिशवीत होती. "तो दोन दिवसांत सांगून टाकेल असं वाटलं होतं," तो नागेशकडे न बघता म्हणाला. "देवाशपथ, मला वाटलं होतं की सांगून टाकेल."

नीलाचा अहवाल आता नुसता उपचार उरला होता. तिने तो वाचला. आठवण, कचरा, कपाट, स्क्रू. सगळे मुद्दे चोख होते, आणि हाइनेमानबाई मान हलवत टिपून घेत होत्या. शेवटी त्यांनी सहजच, नोंद पूर्ण करायची म्हणून विचारलं, "कबुली खोटी असल्याची शंका तुम्हाला प्रथम कधी आली?"

बावीस मे, असं उत्तर कागदावर लिहिलेलं होतं. कपाटाचा उल्लेख, पहिली भेट. कोणी हरकत घेतली नसती.

"तीन मेला," नीला म्हणाली. "फाईल उघडली तेव्हा. तारखेवरून."

हाइनेमानबाईंनी पेन थांबवलं. "आणि आरोपीशी तुम्ही त्याबद्दल बोललात कधी?"

"वीस जूनला."

"अठ्ठेचाळीस दिवस. का?"

वकिलाने मान वर केली. नागेशही बघत होता, आणि त्याच्या बघण्यात दया नव्हती, ते नीलाला बरोबरच वाटलं.

"त्या तारखेचा अर्थ सांगितला असता, तर तो मला कसा माहीत हेही सांगावं लागलं असतं," ती जर्मनमध्ये म्हणाली. "मीही त्यांच्याच समाजातली आहे. मी ते अकरा वर्षं लपवलं. मी गप्प बसले म्हणून हा माणूस अठ्ठेचाळीस दिवस जास्त आत राहिला. मला त्याची लाज वाटते. आपण कोण आहोत, याची वाटत होती ती लाज चुकीच्या जागी होती."

दुभाष्याने मराठीत सांगायला घसा साफ केला. नीलाने हाताने त्याला थांबवलं. ती मागच्या बाकांकडे वळली आणि तेच सगळं, पहिल्यापासून, तिने स्वतः मराठीत सांगितलं.